'माहीत नाही'चा रकाना

नवी छत्री घेतली की साहेब तिला आधी न्हाणीत नेत. अंगात ऑफिसचे कपडे, पायांत बूट, हातात उघडलेली छत्री, अशा थाटात ते मोरीत उभे राहत आणि काकू स्टुलावर चढून वरून बादली रिकामी करत. एक बादली सरळ आणि एक बाजूने, कारण नागपूरचा पाऊस काही सरळ पडत नाही. छत्री पास झाली तर खुंटीवर जायची. एकदा नापास झाली तेव्हा साहेब तसेच ओलेचिंब सीताबर्डीच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "साहेब, अजून पावसाळा लागला नाही अन छत्री भिजली कशी?" साहेब म्हणाले, "म्हनूनच आज आनली गा. पावसाळा लागल्यावर मी भिजलो असतो."

हा किस्सा काकूंनी, म्हणजे साहेबांच्या बायकोने, मला सांगितला. सांगता सांगता त्यांना इतकं हसू आलं की डोळ्यांना पदर लावावा लागला. साहेब शेजारीच पेपर वाचत बसले होते. त्यांना यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही, आणि मला वाटतं शेवटपर्यंत कळलं नसावं.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. मी नागपूरच्या एका कॉम्प्युटर सेंटरमध्ये नोकरीला लागले आणि साहेबांच्या हाताखाली आले. पन्नाशी उलटून गेलेले, सडपातळ, काळेसावळे, शर्टाच्या खिशात एक लाल पेन्सिल. कोणीही घाईने काही करायला निघालं की ते पेन्सिल वर करून म्हणत, "थांब गा." बाई असेल तर "थांब वं." त्यामुळे पाठीमागे सगळे त्यांना थांबासाहेब म्हणत. सगळ्यांत आधी बहुतेक मीच म्हणायला लागले. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते, गणितात पहिली आलेली होते आणि माझ्या डोक्यात भरपूर हवा होती.

सेंटर सिव्हिल लाइन्समधल्या एका जुन्या बंगल्यात होतं. तेव्हाचा कॉम्प्युटर म्हणजे आजच्यासारखं मांडीवरचं खेळणं नव्हतं. एका लांबलचक हॉलमध्ये ओळीने उभी असलेली लोखंडी कपाटं, आणि ती तापू नयेत म्हणून सतत घरघरणारे एअर कंडिशनर. बाहेर मे महिन्यात डांबर चपलेला चिकटायचं आणि आत आम्ही स्वेटर घालून बसायचो. साहेब तर माकडटोपी घालत. दुपारी जेवायला बाहेर निघताना ते टोपी काढायला विसरत आणि शेहेचाळीस डिग्रीच्या उन्हात तशीच घालून चहाच्या टपरीवर जात. आजूबाजूच्या खात्यांतले लोक उन्हाळ्यात "जरा मशीन पाहून जातो" म्हणत येऊन बसायचे. संचालकांना ते खपत नसे. साहेबांनी मात्र त्यांच्यासाठी कोपऱ्यात एक बाक टाकून ठेवला होता.

साहेब मूळचे कामठीचे. वडील हातमागावर लुगडी विणत. छप्पन साली बाप-लेकाने एकाच दिवशी दीक्षा घेतली, तेव्हा साहेब नुकतेच आकडेवारीच्या खात्यात कारकून झाले होते. तिथून पंचिंग मशीन, तिथून कॉम्प्युटर. हे सगळं ते क्वचित सांगत. वडिलांच्या सुताची गोष्ट मात्र आठवड्यातून एकदा तरी सांगत. "सुताचं नवं बंडल आलं का माया बाप त्यातला एक धागा काढे अन तोडे. किती जोर लावला का तुटते, ते पाहे. मंगच मागावर चढवे. चांगला धागा तोडून काहून टाकते म्हनून माय ओरडे. तं बाप म्हने, हा एक तुटला म्हनून बाकीचे तुटनार नाही."

साहेबांनी हा धागा सगळीकडे नेला. आमच्या एका सहकाऱ्याच्या लग्नात मांडवात शिरता शिरता त्यांनी सवयीने एका खांबाला धक्का देऊन पाहिला. खांब हातात आला. त्या बाजूचा सगळा कापडी मांडव सावकाश खाली बसला, बॅण्डवाल्यांच्या अंगावर, ढोलासकट. मांडववाला मारायला धावला. साहेब खांब हातात धरून त्याला शांतपणे सांगत होते, "माया एका हाताच्या धक्क्यानं पडला गा. वरात नाचत आली असती तं काय झालं असतं?" वरात अर्धा तास रस्त्यावर थांबली. जेवणाच्या पंगतीत साहेबांच्या शेजारी कोणी बसेना, म्हणून मी बसले.

साहेबांची नोंदवही हा आमच्या करमणुकीचा दुसरा विषय. मशीनवर एखादा नवा प्रोग्रॅम आला, नवी वायर आली, नुसता पंखा बदलला तरी त्याची त्या वहीत नोंद व्हायची. कुठल्याही शहाण्या सेंटरमध्ये अशा वहीत दोन रकाने असतात, चालतं आणि चालत नाही. साहेबांच्या वहीत तीन होते. चालते, चालत नाही, आणि माहीत नाही. हा तिसरा रकाना सगळ्यांत जास्त भरलेला. संचालक एकदा वैतागून म्हणाले, "अहो, वर्षभर तो प्रिंटर रोज छापतोय, आणि तुमच्या वहीत अजून 'माहीत नाही'?" साहेब म्हणाले, "कागद संपला तर तो काय करतो हे अजून पाहिलेलं नाही, साहेब." संचालकांसमोर ते अगदी पुस्तकी मराठी बोलत. पुण्याचे संचालक आणि कामठीचे साहेब यांच्यात तेवढा एक तह होता.

आता त्या मशीनबद्दल थोडं सांगायला हवं. मशीन एकच होतं, पण त्यावर एक खास सॉफ्टवेअर चाले. ते चार ऑफिसांना चार वेगवेगळी मशीनं असल्याचा भास करून द्यायचं. परीक्षा मंडळाला वाटे अख्खं मशीन आपलंच, पाटबंधारेवाल्यांना वाटे आपलंच. साहेब याला भाड्याच्या खोल्या म्हणत. एका घरात चार बिऱ्हाडं ठेवायची आणि प्रत्येकाला सांगायचं की हे सगळं घर तुमचंच. पंचाईत होती ती मेमरीची, म्हणजे घरातल्या जागेची. ती चौघांना पुरत नसे. म्हणून ज्याला जी वस्तू त्या घडीला नको असेल ती उचलून कोठीत ठेवायची आणि त्याने मागितली की धावत जाऊन आणून द्यायची. ही कोठी म्हणजे डिस्क. तिच्यातून वस्तू काढायला फार वेळ लागे आणि निकालाच्या दिवसांत मशीन रडतखडत चाले.

मग संचालकांनी कुठल्याशा ऑफिसने टाकून दिलेलं मेमरीचं एक कपाट खटपट करून मिळवलं. डिस्कऐवजी सामान या कपाटात ठेवायचं, म्हणजे काम चटचट होईल. हे करणारा प्रोग्रॅम लिहायचं काम माझ्याकडे आलं. पाच महिने मी दुसरं काही केलं नाही. साहेबांनी त्याचं नाव नवी कोठी ठेवलं आणि वहीत तिसऱ्या रकान्यात टाकलं.

माझी नोकरी तेव्हा कच्ची होती. दोन वर्षांची उमेदवारी होती. ती संपल्यावर संचालकांना वाटलं तर कायम करणार, नाहीतर घरी. घरी म्हणजे यवतमाळला, आणि यवतमाळ म्हणजे पोहे आणि दाखवण्याचे कार्यक्रम. वडिलांनी स्वच्छ सांगितलं होतं, पक्की झालीस तर आम्ही काही बोलणार नाही. नवी कोठी चालली की मी पक्की, असा माझा सरळ हिशोब होता.

मेच्या शेवटी दिल्लीहून बडे पाहुणे येणार असं ठरलं. संचालकांनी जाहीर केलं की त्यांना नवी कोठी दाखवायची. तीही खोट्या कामावर नाही, तर परीक्षा मंडळाचा खरा निकाल तिच्यावर काढून. चारही खोल्यांत काम चालू ठेवून. मी हवेत होते.

साहेबांनी मला बोलावलं. "चारही खोल्या एकदम भरून पाहिल्या का वं?"

"नाही. एकेक खोली भरून पाहिली. पंधरा दिवस रोज चालतंय."

"मधातच लाइट गेली तं?"

"मशीनचा तेवढा वेळ मिळतो कुठे, साहेब? पण चालेल."

"चालेल हे तुले कोनं सांगितलं?" त्यांनी वही उघडून दाखवली. "हे पाय. माहीत नाही. हे 'चालत नाही'च्या रकान्यात नाही टाकलं मी. पन 'चालते'मधे बी नाही टाकलं."

मी त्यांच्या तोंडावर हसले आणि निघून आले. थांबासाहेबांचं हे नेहमीचंच होतं.

मशीन सकाळी सुरू करताना त्याला कार्डांची एक गड्डी खाऊ घालावी लागे. प्रत्येक सोयीचं एक कार्ड, त्यावर भोकं पाडून 'हो' किंवा 'नाही'. नव्या कोठीचं 'हो'चं कार्ड मी आदल्या दिवशी स्वतःच्या हाताने पंच करून गड्डीत घातलं. गड्डी साहेबांच्या कपाटात असे.

पाहुणे आले. हार झाले, चहा झाला. मी नवी साडी नेसले होते आणि थंडीमुळे वरून जुना स्वेटर चढवला होता, याचं मला त्या वेळी सगळ्यांत जास्त वाईट वाटत होतं. संचालकांनी इंग्रजीत छोटंसं भाषण केलं आणि मला खूण केली. मी निकालाचं काम सुरू केलं. कन्सोलचा, म्हणजे मशीनशी बोलायचा, टाइपरायटर खडखडला आणि कागदावर एक ओळ उमटली. अर्थ एवढाच, की नवी कोठी बंद आहे.

मला वाटलं माझाच प्रोग्रॅम कोसळला. मी पुन्हा तीच आज्ञा दिली, पुन्हा तीच ओळ. पाहुणे घड्याळ पाहायला लागले. तेवढ्यात मागून आवाज आला, "मी बंद केली आहे." साहेबांनी माकडटोपी काढून हातात घेतली होती. "सकाळी कार्ड बदललं. बाईंचं काम चांगलं आहे. पण ते तपासलेलं नाही."

संचालकांचा चेहरा लालबुंद झाला. "चालतं की नाही चालत, एवढंच सांगा."

"माहीत नाही, साहेब."

दिल्लीचे पाहुणे मोठ्याने हसले. ते हसल्यामुळे इतरही हसले. जुन्या कोठीवर निकालाचं काम रांगत राहिलं, पाहुणे सर्किट हाउसला जेवायला गेले ते परत आलेच नाहीत. निकाल संध्याकाळी बरोबर निघाला, पण त्यात कोणाला रस उरला नव्हता.

संचालकांच्या खोलीत आम्हा दोघांनाही उभं केलं. साहेब म्हणाले, "चूक माझी आहे. तपासायला मशीनचा वेळ मी बाईंना द्यायला हवा होता, तो दिला नाही." हे धादांत खोटं होतं. मशीनच्या वेळेचं वाटप संचालक स्वतः करत. संचालकांनी माझी उमेदवारी सहा महिन्यांनी वाढवली. साहेबांचं त्याहून वाईट झालं. त्या वर्षी सेंटरच्या प्रमुखाची जागा रिकामी होती आणि साहेबांचा नंबर लागलेला होता. निवृत्तीला वर्ष-सव्वा वर्ष राहिलेलं. संचालकांनी त्यांच्या शिफारशीवर शेरा मारला, कामात अडवणूक करण्याची वृत्ती. निवड समिती ऑगस्टमध्ये बसणार होती, पण निकाल काय लागणार ते शिपायालाही ठाऊक होतं.

बाहेर व्हरांड्यात मी साहेबांवर तुटून पडले. "माझ्या नोकरीचा प्रश्न होता," मी म्हणाले.

"तिकडं पोराइच्या वर्साचा प्रश्न होता."

"पण काही झालंच नसतं. तुम्हाला भीती वाटते, म्हणून तुम्ही सगळ्यांना अडवता."

"वाटते नं," साहेब म्हणाले. "भीती वाटते म्हनूनच तं पाहून राहिलो. आयतवारी मशीनवर माया हक्काचा वेळ आहे. तू ये. आपन पाहू."

मी गेले नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही गेले नाही. तिसऱ्या रविवारी गेले, ते त्यांना खोटं पाडायला. नवी कोठी नीट चालते हे त्यांच्या डोळ्यांसमोर सिद्ध करायचं आणि मग आयुष्यभर ऐकवायचं, असं मी ठरवलं होतं.

साहेबांची तपासणी म्हणजे एक सोहळा असे. चारही खोल्यांत खऱ्यासारखं काम भरायचं. परीक्षा मंडळाच्या खोलीत जुने गुण, पाटबंधारेच्या खोलीत गेल्या पावसाळ्यातल्या नोंदी. सगळं जोरात सुरू झालं की साहेब उठत, बेसिनवर हात धूत, टॉवेलला कोरडे करत आणि जाऊन मेन स्विच खाली ओढत. हॉल एकदम शांत व्हायचा. त्या शांततेत त्यांचा चेहरा काय खुलायचा. मग स्विच वर, मशीन पुन्हा सुरू, आणि नव्या कोठीवर निघालेला कागद जुन्या कोठीवरच्या कागदाशी पट्टी लावून ओळ न ओळ ताडायचा. ते वाचत, मी टिक करत जाई.

एकदा कंटाळून मी विचारलं, "साहेब, एक गोष्ट तीन-तीनदा कशाला पाहता?"

ते म्हणाले, "मी नोकरीत लागलो तवा वरचा साहेब माया कागद दोनदा तपासे. बाकीच्याइचा एकदा. मंग मी तीनदा तपासूनच देऊ लागलो. त्याचा वेळ वाचला, अन मले सवय लागली." सांगून झाल्यावर ते पुढची ओळ वाचायला लागले. मी टिक करायची विसरले तेव्हा पेन्सिलीने टेबलावर टकटक केलं.

रविवारी संध्याकाळी माझ्या हॉस्टेलची मेस बंद असायची. हे कळल्यापासून काम संपलं की साहेब मला बसने नागपुरातल्याच इंदोऱ्याला आपल्या घरी जेवायला नेऊ लागले. काकूंच्या हातची पाटोडीची रस्साभाजी मी त्याआधी खाल्ली नव्हती आणि त्यानंतर तशी मिळाली नाही. काकू मोकळ्या, बडबड्या, माझी वेणी सैल दिसली की स्वतः घालून देणाऱ्या. हॉस्टेलमध्ये कोणी आपल्या डोक्याला हात लावणं म्हणजे काय ते तिथे ज्यांनी दिवस काढले आहेत त्यांना कळेल. मी यवतमाळच्या पत्रांतून सगळं लिहायची, रविवारी कुठे जेवते तेवढं लिहायची नाही. आमच्या घरी ते चाललं नसतं, आणि मला ते सांगायचं धैर्य नव्हतं. आज हे लिहिताना त्याची लाज वाटते.

सातव्या रविवारी साहेब वाचता वाचता थांबले. पट्टी तशीच धरून त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. गणित, जुन्या कागदावर बासष्ट, नव्या कागदावर अठरा. त्याखालचा, एक्केचाळीसचे सत्तावीस. त्याखालच्याला शून्य. अशा सलग बारा मुलांच्या गुणांच्या जागी दुसरेच आकडे होते. मी पाटबंधारेचा कागद ओढून पाहिला. ते पावसाचे आकडे होते. गेल्या पावसाळ्यात कुठल्या दिवशी कुठल्या गावात किती मिलिमीटर पडला, ते मुलांच्या गणिताच्या रकान्यात छापलं गेलं होतं. ज्या मुलाला शून्य मिळालं होतं, त्याचं कारण एवढंच की त्या दिवशी त्या गावात पाऊस पडला नव्हता.

मशीन अडलं नव्हतं. चूक झाल्याची एक ओळही कुठे नव्हती. आकडे शंभराच्या आतले, साळसूद, गुणांसारखेच दिसणारे. त्या मेमध्ये हे झालं असतं तर कोणाला कधीच कळलं नसतं.

दोष माझा होता आणि तो शोधायला मला दहा मिनिटंही लागली नाहीत. वस्तू कोठीतल्या कुठल्या फळीवर ठेवली ते माझा प्रोग्रॅम पाहत होता. ती कोणत्या बिऱ्हाडाची ते पाहतच नव्हता. एकेक खोली भरून तपासलं तेव्हा बिऱ्हाड एकच होतं, त्यामुळे प्रश्नच आला नव्हता. चौघंही भरलेले असताना नेमकी सामान हलवतानाच लाइट गेली, की परत आल्यावर पाटबंधारेचं सामान परीक्षा मंडळाच्या हातात.

मी वाट पाहत होते की साहेब आता बोलतील. त्यांचा हक्क होता. ते खुर्चीत बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "मले वाटलं होतं नाही निंघनार."

त्यांचा आवाज ऐकून मला रडू फुटलं. सात रविवार मला वाटत होतं की हा माणूस माझी चूक शोधतोय. तो सात रविवार ती नसावी म्हणून शोधत होता.

साहेबांनी कागदाची घडी केली आणि खिशात घातली. "दोन दिवसांत दुरुस्त कर. मंग पुन्हा पाहू."

समिती बसायला तेव्हा पंधरा दिवस होते. हा एक कागद संचालकांच्या टेबलावर ठेवला असता तर तो शेरा खोडावा लागला असता. पण त्याच पंधरा दिवसांत माझ्या कायम होण्याच्या फाइलवर सही व्हायची होती. संचालकांचा राग निवळला होता आणि त्यांनी ती वेळेआधीच मागवली होती. तो कागद पाहिल्यावर त्यांनी सही केली नसती. हे आम्हा दोघांनाही समजत होतं.

"तुयी फाइल टेबलावर आहे," साहेब म्हणाले. "सही होईपर्यंत हा कागद निंघाला नाही असं समज."

"आणि तुमची?"

"मायी बी होती टेबलावर. पडून पडून जुनी झाली."

मी नको म्हणाले नाही. आज लिहून टाकते, मी नको म्हणाले नाही. मला तिथेच म्हणता आलं असतं, दुसऱ्या दिवशी म्हणता आलं असतं, पुढचे पंधराही दिवस होते. माझी सही झाली. प्रमुखाच्या जागेवर बाहेरून कोणीतरी आलं. प्रोग्रॅम मी दुरुस्त केला, साहेबांनी आणखी चार रविवार स्विच ओढून ओढून त्याचा जीव काढला आणि मग नवी कोठी तिसऱ्या रकान्यातून खोडून पहिल्यात लिहिली. गड्डीत 'हो'चं कार्ड त्यांनी स्वतः घातलं. वर्षभराने साहेबांच्या निरोपाच्या समारंभात संचालक म्हणाले की या गृहस्थांनी आम्हाला कधी काही सुरू करू दिलं नाही, तेव्हा आता निवृत्ती तरी त्यांनी तपासून घेतली असेल अशी आशा आहे. सगळे हसले. साहेबही हसले. मी चहाचे कप गोळा करायला आत गेले.

त्यानंतरही मी इंदोऱ्याला जात राहिले. मधे वर्षभर काकू साहेबांशी धड बोलत नव्हत्या. "त्यायले विचार, भाजी पाह्यजे का," असं मला सांगत, आणि साहेब समोरच बसलेले असत. नवरा-बायकोचं काहीतरी असेल म्हणून मी कधी विचारलं नाही. पुढे ते निवळलं.

साहेबांना निवृत्त होऊन दोन-अडीच वर्षं झाली असतील. असेच आम्ही जेवायला बसलो होतो. काकू वाढत होत्या आणि खुशीत होत्या. मला म्हणाल्या, "यायनं जन्मभर सगळ्या दुनियेले तपासलं वं. नसतं तपासलं तं हेड होऊन रिटायर झाले असते. कोनाचा तं एक प्रोग्रॅम, चांगला चालून राहिला होता, तो बंद करून ठेवला. काय भेटलं?"

साहेब खाली मान घालून जेवत होते.

"काकू, तो प्रोग्रॅम माझा होता," मी म्हणाले. "आणि तो चालत नव्हता." मग मी सगळंच सांगितलं. बारा मुलं, पावसाचे आकडे, घडी केलेला कागद, माझी सही. सांगताना मी काकूंकडे पाहू शकत नव्हते, म्हणून ताटाकडे पाहून सांगितलं.

काकू हातात भाकरीची टोपली धरून उभ्याच राहिल्या. मग साहेबांना म्हणाल्या, "खरं हाय हे?"

"हो."

"म्हंजे तुमचं बरोबर होतं."

"हो."

"वर्सभर मी तुमच्याशी बोलली नाही. एका शब्दानं सांगितलं काहून नाही मले?"

साहेबांनी घास खाली ठेवला. "तुले सांगितलं असतं," ते म्हणाले, "तं तू हिले घरात घेतलं नसतं."

काकूंनी थोडा वेळ विचार केला. खरोखर विचार केला, कारण त्यांना खोटं बोलता येत नसे.

"नसतंच घेतलं," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे न पाहता माझ्या ताटात आणखी एक भाकर वाढली.